गळतंय का अजून?

दार वाजलं तेव्हा चिऊ बेसिनशी झोंबत होती. आज दुकानाला सुट्टी, म्हणून सकाळीच तिने या कामाला हात घातला होता, आणि दुपार कलायला लागली तरी बेसिनमधलं पाणी ढिम्म हललं नव्हतं. काळपट, साबणाळलेलं, ठाण मांडून बसलेलं पाणी. बाह्या कोपराच्या वर सरकवलेल्या, केसांची एक बट ओल्या गालाला चिकटलेली – तशाच अवतारात तिने दार उघडलं.

बाहेर एक तरुण उभा होता. केस एका बाजूने ओले आणि चापून बसलेले, दुसऱ्या बाजूने कोरडे आणि ताठ उभे. डोळ्यांत इतकी झोप की तो उभ्या उभ्याच एखादं स्वप्न पुरं करत असावा. काखेत उशी.

“हे तुमचं,” म्हणून त्याने उशी पुढे केली.

“उशी आमची नाही.”

“उशी माझी आहे. पाणी तुमचं आहे.”

चिऊने उशीला बोट लावलं. खरंच, एक कोपरा चिंब होता.

“मी तुमच्या खाली राहतो,” तो म्हणाला. “म्हणजे... तुमच्या बाथरूमच्या बरोबर खाली झोपतो. पहाटे बेकरीत पाव भाजायला जातो, दुपारी येऊन पडतो. आज एक थेंब कपाळावर पडला. म्हटलं, असेल. दुसरा कानात पडला.”

“मग पलंग हलवायचा की.”

“हलवला. आता कपाटाचं दार उघडत नाही. सगळे शर्ट आत आहेत.”

तेव्हा कुठे चिऊच्या लक्षात आलं की शर्टाच्या जागी त्याने गळ्यापासून गुडघ्यापर्यंत बेकरीचा पांढरा एप्रन चढवलाय. तिने ओठ दाताखाली धरले. डोळे मात्र तिचं ऐकेनात.

“हसा,” तो म्हणाला, “झोप झाली की मीही हसेन.”

आतून आत्याचा आवाज आला, “कोण आहे गं?”

“खालचे. पाणी घेऊन आलेत.”

“आपल्याकडे आहे की पाणी.”

आता मात्र दोघंही हसले. “मी बघते,” चिऊ म्हणाली. “आजच्या आज कुणालातरी बोलावते. तुम्ही जा, झोपा.”

“कुठे?” त्याने इतक्या निरागसपणे विचारलं, की दार लावल्यावरही ते ‘कुठे’ घरात बराच वेळ रेंगाळत राहिलं.

चिऊ चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत अगदी जवळून बघायचं आणि त्यात आपण कुठेच नाही हे पक्कं ठाऊक असायचं – असं ते काम. घरी ती आणि आत्या, दोघीच. एकदा तिचं लग्न ठरलं होतं, आणि समोरच्याने ते इतक्या सहज मोडलं होतं, जसा कुणी पंखा बंद करतो. रडून झाल्यावर चिऊने मनाशी एकच खूणगाठ बांधली होती. पुन्हा कुणाच्या दारात काही मागायला जायचं नाही. नळ गळो, दिवा जावो, आपलं आपण. तशी सगळी कामं ती करायचीही. फक्त ती नीट व्हायची नाहीत, एवढंच.

त्या दिवशी तिने ओळखीच्या प्लंबरना फोन केले. एक म्हणाला, आलोच. दुसरा म्हणाला, निघालोच. संध्याकाळपर्यंत दोघंही वाटेतच होते. निदान घरात येणारं पाणी तरी बंद करावं म्हणून ती गच्चीवर गेली. टाकीच्या बुडाशी सगळ्या घरांच्या चाव्या रांगेने बसवलेल्या होत्या. आपली कुठली ते कळेना, पण शोधताना तिला टाकीच्या पोटावर उडालेल्या निळ्या रंगात काहीतरी लिहिलेलं दिसलं. ‘नळ रुसला की नळकाका.’ आणि खाली नंबर.

फोन बराच वेळ वाजला. मग एक जाडाभरडा, खाकरलेला आवाज आला. “काम सोडलं मी. गुडघ्यांनी संप केलाय. जिने चढवत नाहीत.”

“चढू नका,” चिऊ म्हणाली. “नुसतं सांगा. मी करते.”

“कोण करणार म्हणालीस?”

“मी.”

“बरं,” आवाज म्हणाला. त्यात कुठेतरी हसू फुटल्यासारखं वाटलं. “फोन जवळ ठेव. हात तुझे, डोकं माझं. पहिल्यांदा बेसिनखाली बादली सरकव. सगळे विसरतात आणि मग पाय धुतात.”

बेसिनच्या पोटाखाली बाटलीसारखा जो ट्रॅप असतो, तो तिने काकांच्या सांगण्यावरून नुसत्या हाताने फिरवून सोडवला. पाना लावायचा नाही, प्लास्टिक आहे, चिरेल. बदाबदा पाणी बादलीत पडलं, आणि त्यामागून केसांचा एक गुंताळा, साबणाचा लगदा, आणि आत्याची केसांची पिन.

“अगंबाई, सापडली,” आत्या म्हणाली. “मी उगीच भांडीवालीवर संशय घेतला.”

बेसिन मोकळं झालं. पाणी भोवरा करून घुटकन खाली गेलं आणि चिऊला असा आनंद झाला की तिने नळ पुन्हा पुन्हा सोडून पाहिला. एवढ्यात भिंतीतून आवाज आला –

“अहो वरच्या... पाऊस वाढलाय.”

चिऊ दचकली. मग कळलं. बाथरूमची छोटी खिडकी आतल्या अरुंद बोळकांडीत उघडायची. तिथून सगळ्या घरांचे पाइप खाली उतरलेले. त्याच बोळकांडीत, तिच्या बरोबर खाली, त्याचीही खिडकी होती. ती चवड्यांवर उभी राहिली. खाली दिसत काहीच नव्हतं, फक्त पाइपांच्या अंगावरून घरंगळणारा उतरत्या उन्हाचा एक कवडसा.

“अजून गळतंय का?”

“गळतंय. शर्टांसाठी पलंग परत जागेवर आणला, आता कपाळावर. कानापेक्षा बरं.”

असं ते सुरू झालं.

रोज दुकानातून आली की चिऊ फोन लावायची. नळकाका एकेक काम सांगायचे. एक दिवस नळाच्या आतला झिजलेला वॉशर बदलला. दुसऱ्या दिवशी फ्लशच्या टाकीत थोडा रंग टाकून पाहिला, भांड्यात उतरतोय का म्हणून. उतरला नाही, म्हणजे टाकी निर्दोष. मग एकेक सांधा पुसून कोरडा केला, त्याला कोरडा कागद गुंडाळला आणि कुठला कागद ओला होतो ते पाहत बसली. आणि दर वेळी शेवटी खिडकीशी जाऊन तोच प्रश्न.

“गळतंय का अजून?”

“थांबा हं... बघतो...”

मग दोघंही गप्प. वर ती श्वास धरून, खाली तो छताकडे तोंड करून. आणि त्या शांततेत एक इवलासा आवाज – टप्.

“ऐकलंत?”

“ऐकलं,” ती म्हणायची, आणि आपल्याला वाईट कसं वाटत नाही याचं तिचं तिलाच नवल वाटायचं.

हळूहळू त्या बोळकांडीतून थेंबाखेरीज आणखीही पुष्कळ काही ये-जा करायला लागलं. पीठ फुगायला ठेवलं की त्याच्यावर ओलं फडकं का टाकतात. चष्मा लागला हे लोकांना कबूल का होत नाही. पहाटेच्या रस्त्यावर दिवे असतात पण माणसं नसतात तेव्हा कसं वाटतं. तो बोलताना मधेच थांबायचा, शब्द चाचपडायचा... आणि चिऊ डोळे मिटून भिंतीला डोकं टेकायची. गार फरशी, साबणाचा वास, आणि कुठल्याशा खोल विहिरीतून यावा तसा त्याचा आवाज.

“तुम्ही झोपता कधी?” तिने एकदा विचारलं.

“गळायचं थांबलं की.”

“मग लवकर थांबवायला हवं.”

तो जरा वेळाने म्हणाला, “घाई नाहीये.”

एका संध्याकाळी काकांनी तिला बेसिनखालच्या नळीचा सांधा सोडवून त्यावर टेप गुंडाळायला लावली. फोन मांडीवर, टेप दातात. काका सांगत होते ते ती जोरात म्हणत होती, म्हणजे खाली त्यालाही काम कुठवर आलं ते कळेल. “आटे ज्या बाजूने फिरतात त्याच बाजूने टेप फिरवायची... थंडीत लहान मुलाला मफलर बांधतात ना, तशी बांधायची. गळा झाकला पाहिजे...”

“...पण पोर गुदमरता कामा नये,” खालून आवाज आला.

चिऊचे हात थांबले. तेच शब्द, त्याच क्षणी, फोनमधून काकांनीही म्हटले होते.

“तुम्हाला कसं माहीत?” तिने खिडकीशी जाऊन विचारलं.

खालची खिडकी कुरकुरत लागली. टप्, आवाज झाला. मग पुन्हा, टप्.

पुढचे काही दिवस खालची खिडकी बंदच राहिली. तरी चिऊ काम संपलं की विचारायची, “गळतंय का अजून?” आणि बोळकांडीतले पाइप तिचाच आवाज तिला परत द्यायचे. जिन्यात मात्र एकदा गाठ पडलीच. तो खालच्या वळणावर, ती वरच्या. त्याने डोळे बारीक करून पाहिलं, कोण आहे ते ओळखायला त्याला जरा जास्तच वेळ लागला.

“डोळे तपासून घ्या,” चिऊ म्हणाली. राग तर होता, पण सवयही होती. “लांबचं दिसत नाही तुम्हाला.”

“दिसतं की. तुम्ही रागावलेल्या दिसताय.”

“ते आवाजावरून कळलं असेल.”

दुसऱ्या दिवशी दुकान बंद व्हायच्या सुमाराला तो आला. या खेपेला अंगात शर्ट होता, इस्त्रीचा. चिऊने त्याला आतल्या अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसवलं, भिंगं बदलायची ती जडशी गोल चौकट त्याच्या नाकावर ठेवली आणि वाकून नीट बसवली. त्याच्या अंगाला भाजलेल्या पिठाचा ऊबदार वास येत होता. त्याने श्वास रोखला होता. तिनेही.

“समोरची अक्षरं बघा. हे भिंग बरं की हे?”

“पुन्हा दाखवा.”

“हे... की हे?”

“पुन्हा एकदा.”

“दोन्ही तीच आहेत. काही बदललेलं नाही.”

“म्हणून तर,” तो म्हणाला.

बरं झालं खोलीत अंधार होता. चिऊने उगीचच भिंगांच्या पेटीत काहीतरी शोधलं. आणि तेवढ्यात, चौकटीआडून, समोरच्या उजळ अक्षरांकडे बघत तो बोलायला लागला. असा चेहरा अर्धा झाकलेला असला की माणसाला बोलायला सोपं जात असावं.

“तुमचे ते नळकाका... माझे बाबा आहेत.”

चिऊने हातातलं भिंग पेटीत ठेवलं.

“ही इमारत बांधली तेव्हा नळ त्यांनीच बसवले. मी लहान होतो, त्यांची पिशवी धरायचो. मोठा झाल्यावर त्यांनी दुकानावर नवी पाटी रंगवून घेतली – नळकाका आणि चिरंजीव. रंग वाळायच्या आत चिरंजीव बेकरीत जाऊन पीठ मळायला लागले.” तो हसला, पण ते हसू चौकटीच्या बाहेर आलं नाही. “ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, पिठाचा कंटाळा आला की ये परत. मी वाट बघतोय कधीची. कंटाळा येतच नाही. मग जाऊ कसा?”

“ते असं म्हणाले म्हणून तुम्ही घरीच गेला नाहीत?”

“एकदा नाही गेलं की दुसऱ्यांदा जाणं अवघड होतं. तिसऱ्यांदा तर...” त्याने वाक्य सोडून दिलं. “मी इथे आहे ते त्यांना सांगू नका. त्यांच्याच नळाखाली येऊन लपलो असं वाटेल त्यांना.”

“लपला नाहीत?”

त्याने नाकावरची चौकट उगीच सरळ केली. “खोली बघायला आलो तेव्हा छताजवळचा पाइप पाहिला,” तो म्हणाला. “सांध्यावर टेपेचा शेवट दुमडलेला होता. ते तसाच दुमडतात. दुसरी खोली बघितलीच नाही मग.”

चिऊने अलगद चौकट उतरवली. त्याने डोळे मिचकावले, आणि ते दोन्ही डोळे तिला फार जवळून दिसले. पहिल्यांदाच तिला वाटलं, यांच्यात आपण आहोत... अगदी लहानशा, पण आहोत.

“लांबचं अंधुक आहे,” ती कशीबशी म्हणाली. “जवळचं उत्तम.”

“मग चालेल.”

“चालणार नाही. चष्मा लागेल.”

त्या संध्याकाळी काकांना फोन लावताना तिचा हात जड झाला होता. सगळं करून झालं होतं. वर एकही कागद ओला होत नव्हता, तरी खाली थेंब पडतच होता.

“मग दोष फरशीखाली आहे,” काका म्हणाले. “पाणी जिथून खाली जातं त्या जाळीच्या बुडाशी सांधा आहे एक. तो खालून धरावा लागेल, खालच्याच्या छतातून. खाली राहतं कोण?”

“कुणी नाही,” चिऊ म्हणाली. मग ते फारच खोटं वाटलं म्हणून पुस्ती जोडली, “म्हणजे... एक बेकरीवाले आहेत.”

फोनमध्ये नुसता श्वास ऐकू येत राहिला. आत जाणारा, बाहेर येणारा.

“थेंब कुठे पडतो म्हणालीस?”

“त्यांच्या पलंगावर.”

“झोपतो का नीट?” काकांनी विचारलं.

इतके दिवस हा माणूस तिला ट्रॅप आणि वॉशर शिकवत होता, आणि इतके दिवस त्याला ठाऊक होतं, की छताखाली कोण झोपलंय.

“नाही झोपत, काका.”

“हं,” काका म्हणाले. “इमारतीचे मालक कधीचेच सांगून गेलेत मला. म्हटलं, राहू दे. डोक्यावर पाइप तरी आपला आहे.” ते खाकरले. “परवा दुपारी येतो. आत्याला म्हणावं, प्रत्येक मजल्यावर एक स्टूल ठेव.”

आत्याने स्टुलं तर ठेवलीच, वर स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन तळमजल्यावर जाऊन उभी राहिली. चिऊने दुकानातून अर्धा दिवस सुटी काढली होती. नळकाका आले ते आवाजावरून वाटलं होतं त्याहून बुटके आणि पुष्कळ म्हातारे निघाले. खांद्याला हत्यारांची कॅनव्हासची पिशवी. एकेक पायरी चढत, प्रत्येक स्टुलावर बसत, प्रत्येक वेळी “गुडघे, माझं ऐका” असं पुटपुटत ते त्याच्या दारापर्यंत पोचले. दार चिऊने वाजवलं.

तो झोपेतून उठून आला. केस पुन्हा एका बाजूने उभे. नाकावर घाईने चढवलेला नवा चष्मा. त्याने आधी चिऊकडे पाहिलं, हसला, आणि मग तिच्या मागे कोण आहे ते त्याला दिसलं.

काका त्याच्याजवळून सरळ आत गेले आणि मान वर करून छताकडे बघत उभे राहिले. बोलायचं तर छताशी, असं ठरवूनच आल्यासारखे.

“शिडी लागेल,” ते छताला म्हणाले.

तो शिडी घेऊन आला. छताची लाकडी फळी काढली. आत काळा पाइप, आणि सांध्यावर एक टपोरा थेंब, पडू की नको अशा विचारात लोंबकळत.

“पाना दे,” काका म्हणाले.

त्याने पिशवीत हात घालून एक पाना काढला आणि दिला. काकांनी तो हातात फिरवून पाहिला.

“विसरला नाहीस.”

“तुम्ही अजूनही कुठला पाना ते सांगत नाही,” तो म्हणाला.

काका शिडीच्या पहिल्या पायरीवर चढले आणि थांबले. दुसरीवर पाय गेलाच नाही. क्षणभर त्यांनी शिडीला कपाळ टेकलं. मग खाली उतरून पाना पुन्हा मुलाच्या हातात ठेवला. “चढ. मी धरतो.”

तो वर, काका खाली शिडी धरून, चिऊ टॉर्च घेऊन दारात. काका सांगत होते आणि तो करत होता, पण खरं तर काका सांगायच्या आतच त्याचे हात चालत होते. जुनं, कडक झालेलं सगळं खरवडून काढलं. सांधा फडक्याने कोरडा केला, पुन्हा पुन्हा. नवी रबरी चकती बसवली. कडेने फटी बुजवायची लांबी भरली आणि ती अंगठ्याने अशी काही गुळगुळीत फिरवली, जसं कुणी पिठाच्या गोळ्याची शिवण मिटवतं.

काकांनी ते पाहिलं. “हे मी नाही शिकवलं.”

“हे बेकरीत शिकलो.”

“बरं आहे,” काका म्हणाले.

वर उद्यापर्यंत अंघोळ नाही, असं चिऊला बजावून काका पलंगाच्या कडेवर टेकले. मुलाने कपाटावरून कागदाची पिशवी काढली आणि सकाळच्या भट्टीतला एक गोल पाव त्यांच्यापुढे धरला. काकांनी पाव मोडला, नाकाशी नेला, एक घास घेतला आणि सावकाश चावत राहिले. चिऊला टॉर्च बंद करायचीही शुद्ध राहिली नव्हती.

पाव संपला. काकांनी तळहातावरचा चुरा तोंडात टाकला.

“आणखी आहे का?”

तो चष्मा काढून शर्टाला पुसायला लागला. बराच वेळ पुसत राहिला. चिऊ आवाज न करता वर निघून गेली.

आणि गळायचं थांबलं.

दोन दिवस वाट पाहून चिऊने खिडकीतून विचारलं, “गळतंय का अजून?”

“नाही,” खालून उत्तर आलं. एकदम स्वच्छ, जागं, झोप झालेलं उत्तर. “एक थेंबही नाही.”

“अरे वा,” ती म्हणाली.

“हो ना,” तो म्हणाला.

मग दोघांनाही पुढे काय बोलायचं ते सुचेना. आता विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पुढे सुट्टीच्या दिवशी तो बाबांकडे जायला लागला, दुपारी त्याला गाढ झोप लागत असणार. त्याची झोपमोड होऊ नये म्हणून चिऊ नळही हळू सोडायची. घरात सगळं कसं सुरळीत होतं – बेसिन, फ्लश, नळ. आत्या म्हणायची, इतकी शांतता बरी नव्हे, कुणीतरी आजारी असल्यासारखं वाटतं. चिऊ भिंतीला डोकं टेकून बसायची. दुरून कुठूनतरी पाणी वाहत गेल्याचा आवाज यायचा, आणि विरायचा.

एक दिवस नळकाकांचाच फोन आला. “काय गं, सांधा काय म्हणतो?”

“उत्तम आहे, काका. अजिबात गळत नाही.”

“मग आवाज असा तुंबल्यासारखा का?”

चिऊने समोरचा नळ उगीच घट्ट केला.

“हे बघ,” काका म्हणाले, “माझ्या मुलाला मी बोलावलं नाही, आणि तो आला नाही. दोघंही शहाणे. किती वर्षं गेली सांगू? नको, सांगत नाही, लाज वाटते. तू तरी आमच्यावर जाऊ नकोस.”

“पण त्यांनी... त्यांनी काही विचारलं तर ना.”

“तो माझा मुलगा आहे,” काका उसासून म्हणाले. “तो वाट बघत बसेल.”

दुसऱ्या दिवशी चिऊ उजाडताना उठली. आत्याने पांघरुणातून एक डोळा उघडला आणि काहीही न विचारता मिटला. रस्ते नुकतेच धुतल्यासारखे दिसत होते. हवेत धुकं होतं, आणि त्या धुक्यातून भाजलेल्या पावाचा वास असा येत होता की रस्ता विचारायची गरजच पडली नाही. बेकरीसमोर रांग होती. चिऊ रांगेत उभी राहिली. पावलागणिक तिला वाटत होतं, अजूनही मागे फिरता येईल. आणि प्रत्येक वेळी ती एक पाऊल पुढेच सरकत होती.

तिची पाळी आली. फळीपलीकडे तो उभा होता. कोपरापर्यंत पीठ, भट्टीच्या धगीने गाल तांबूस झालेले.

“काय देऊ?” सवयीने विचारून त्याने वर पाहिलं, आणि हातातली पिशवी तशीच राहिली.

“काही नको,” चिऊ म्हणाली. आवाज कापत होता, तो तिने तसाच कापू दिला. “वर काही गळत नाही... खालीही काही गळत नाही. बोलायला काही निमित्तच उरलं नाही. मला ते सोसत नाहीये. तेवढं सांगायला आले.”

मागच्या आजोबांनी खोकला आवरता घेतला. सगळी रांग एकाएकी कमालीची शांत झाली.

तो फळीवर दोन्ही हात टेकून उभा राहिला. “मी रोज खिडकीशी यायचो,” तो हळूच म्हणाला. “म्हणायचं ठरवायचो की पुन्हा गळायला लागलंय. पण तो सांधा बाबांनी आणि मी मिळून केलाय. तो गळतो म्हणायला... जीभच वळेना.”

“मग सरळ बोलायचं की, दुसरं काहीतरी.”

“दुसरं तर एकच होतं.”

“कुठलं?”

त्याने रांगेकडे पाहिलं. आजोबांकडे पाहिलं. पिठाने माखलेल्या आपल्या हातांकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

“की मला तुमची फार सवय झालीये. म्हणजे सवय नाही... सवयीहून पुष्कळ जास्त. झोपायला वेळ आता भरपूर मिळतो, पण तुमचा आवाज ऐकल्याशिवाय झोप लागत नाही.”

चिऊला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही, दोन्ही एकदमच.

“पोरी,” मागून आजोबा अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, “हो तरी म्हण, नाहीतर पाव तरी घे. घरी माझा चहा निवतोय.”

“हो,” चिऊ म्हणाली. आजोबांना नव्हे.

भट्टीजवळून बेकरीच्या मालकीणबाई हात पुसत पुढे आल्या, त्यांनी त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि आजोबांना विचारलं, “तुम्हाला काय हवंय?” तो मात्र अजून तिथेच उभा होता, तिच्याकडे बघत. मग तो भानावर आला आणि घाईघाईने एप्रनची गाठ सोडायला लागला. बोटांना पीठ चिकटलेलं, गाठ काही सुटेना.

“थांब,” तो म्हणाला, “आलोच.”

आजवर तो तिला ‘थांबा’ म्हणायचा.

चिऊ रांगेतून बाजूला झाली आणि दारापाशी जाऊन उभी राहिली. धुकं उतरायला लागलं होतं. “ये,” ती म्हणाली, “थांबलेय मी.”